चंद्रतालचं पाणी आपल्या चंद्रभागेला येतं का?

भटका सोलापूरकर
मागच्या आठवड्यात हिमाचलातल्या स्पीतीहून सोलापूरला परतलो. बातलवरून चंद्रताल या तळ्यावर गेलो होतो, उंची सुमारे ४,२५० मीटर. काठावर तंबू ठोकू देत नाहीत, म्हणून मुक्काम लांब होता. पहाटे चालत गेलो, निळंशार पाणी बघून पाय निघेना.
फोटो बघून आईनं विचारलं, "आपली चंद्रभागा इथूनच येते का रे?" ती दर एकादशीला पंढरपूरला जाते. नुसतं "नाही" म्हणून तिची बोळवण करायची नाही. शिवाय काठावरून मला चंद्रकोर दिसलीच नाही, तळं लांबट वाटलं. मग हे नाव कशावरून?

भूगोलाच्या बाई
पाणी येत नाही. आपली चंद्रभागा म्हणजे भीमाच. भीमाशंकरला उगम, उजनीवरून पंढरपूर, पुढे कृष्णा.
तिकडे चंद्रा आणि भागा या दोन वेगळ्या नद्या. दोघीही बारालाचा खिंडीजवळ उगम पावतात, डोंगराला दोन बाजूंनी वळसा घालून तांदीला भेटतात. तिथून पुढे चंद्रभागा, म्हणजेच चिनाब. चंद्रतालचं पाणी चंद्रेला मिळतं, सूरजताल भागेच्या उगमाशी आहे. तिकडच्या लाहौल खोऱ्यात सांगतात, चंद्रा ही चंद्राची मुलगी, भागा हा सूर्याचा मुलगा, आणि दोघांचं मीलन तांदीला झालं. मला ही कथा फार आवडते.
आणि आईंना हेही सांगा: आपला सिद्धेश्वर तलाव, हिप्परगा तलाव माणसांनी केले. चंद्रतालचा खळगा मात्र हिमनदीनं केलाय.

वाळवंटाकाठचा
चंद्रताल हे नाव आकारावरूनच, पण कोर दिसायला वरच्या उतारावर चढावं लागतं. मी चढलो होतो, धाप लागली, पण दिसली.
पंढरपुरातही तेच. भीमा इथं चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात. माझं बालपण महाद्वार घाटावर गेलं, तिथून दिसायचं ते पाणी, वाळवंट आणि पुंडलिकाचं देऊळ. वळण पहिल्यांदा कळलं ते शाळेत, तालुक्याच्या नकाशावर.

भटका सोलापूरकर
दोघांचेही मनापासून आभार. आईला मोबाइलवर दोन्ही नकाशे दाखवले. तिनं आधी पंढरपूरचं वळण बोटानं गिरवलं, मग चंद्रतालचं. येत्या एकादशीला गोपाळपूरच्या बाजूनं विष्णुपदापर्यंत जायचं म्हणतेय. तिचे गुडघे दुखतात. घाटावरून तिथवर होडी मिळते का?