घाटात मुरलेला ड्रायव्हर रेसिंग सिममध्ये वेगवान ठरतो का?

पोवईनाका_गेमिंग
साताऱ्यात छोटं गेमिंग सेंटर आहे. लॉजिटेक जी२९ स्टिअरिंग आणि पेडल, २४ इंची स्क्रीन, त्यावर असेटो कोर्सा हा रेसिंग सिम्युलेटर गेम (सिम). दिवाळीत लॅप टाइमची (ट्रॅकची एक फेरी कोण किती वेळात मारतो त्याची) स्पर्धा ठेवायचा विचार आहे. खंबाटकी, पसरणी, केळघर हे घाट रोज चढणारे-उतरणारे टुरिस्ट गाड्यांचे ड्रायव्हर नाव देणार म्हणतात. दुसरीकडं लायसन्ससुद्धा नसलेली, पण गेममध्ये तरबेज अशी कॉलेजची पोरं. रस्त्यावरचा हात सिममध्ये कितपत चालतो? दोघांना एका गटात ठेवावं का? आणि ड्रायव्हर मंडळींना जरा गाडीत बसल्यासारखं वाटावं म्हणून सेटिंगमध्ये काय बदलू?

कराडचा_लॅप
एका गटात ठेवू नका, निदान सराव दिल्याशिवाय तरी नाही.

रस्त्यावरून सिममध्ये येतं ते मुख्यतः नजरेचं काम. वळणात शिरायच्या आधीच डोळे बाहेर पडायच्या जागेवर असणं, स्टिअरिंगला हिसका न देणं, कुठल्या वळणाला कुठला गिअर हे आपसूक कळणं. ड्रायव्हरकडं हे तयार असतं. म्हणून त्याचे लॅप सावकाश असले तरी एकसारखे पडतात, पोरांचा एक लॅप भन्नाट आणि पुढचे दोन मातीत.

घोडं अडतं ते ब्रेकवर. चांगला ड्रायव्हर रस्त्यावर टायरच्या पकडीचा थोडाच हिस्सा वापरतो, आणि तेच बरोबर आहे. पसरणी उतरताना तो दुसऱ्या गिअरमध्ये गाडी इंजिनावर धरतो आणि ब्रेकला अधूनमधून पाय लावतो, कारण सतत दाबून ठेवला तर लायनर तापून ब्रेक लागेनासा होतो. ट्रॅकवर याच्या उलट. गाडी सरळ असतानाच पहिला दाब सगळ्यात जोराचा, मग स्टिअरिंग वळत जाईल तसतसा पाय हळूहळू उचलायचा. टायरची पकड ठरावीक असते, ती ब्रेक आणि वळण या दोघांत वाटली जाते. पूर्ण ब्रेक धरून वळवलं तर एबीएस (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असूनही गाडी हवी तेवढी वळत नाही, बाहेर पळते. एकदम सोडला तर पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि तेव्हाही ती बाहेरच पळते. हा पाय उचलण्याचा भाग रस्त्यावर कुणाला शिकावाच लागत नाही, त्यामुळे तो नव्यानं बसवावा लागतो.

दुसरी सवय डावी बाजू धरायची. घाटातल्या आंधळ्या वळणावर समोरून एसटी येणार हे गृहीत धरूनच माणूस चालवतो. ट्रॅकवर समोरून कुणी येत नाही. उजवं वळण असेल तर डाव्या कडेवरून शिरायचं, आत उजव्या कर्बला (ट्रॅकच्या कडेच्या पट्टीला) चाक लावायचं आणि परत डाव्या कडेपर्यंत जाऊ द्यायचं. ड्रायव्हर मंडळी पहिले काही लॅप उजवा अर्धा रस्ता वापरतच नाहीत. हे आधी तोंडी सांगितलं तरी वेळेत चांगला फरक पडतो.

मिरज_पिटलेन
सेटिंगचं मी सांगतो, कारण निम्म्या तक्रारी तिथूनच येतात.

आधी एफओव्ही, म्हणजे स्क्रीनवर किती कोनातलं दृश्य दिसतं ते. मूळ सेटिंगमध्ये दृश्य फार रुंद असतं, त्यामुळे वळण आहे त्यापेक्षा लांब दिसतं. अंतराचा अंदाज पक्का असलेला ड्रायव्हरच इथं जास्त फसतो. २४ इंची स्क्रीनची उंची साधारण ३० सेंमी. डोळ्यापासून ती ६० सेंमीवर असेल तर उभा कोन येतो २८ अंश, आणि एवढ्यात बाजूचं काहीच दिसत नाही. म्हणून स्क्रीन स्टिअरिंगच्या अगदी मागं सरकवा. ४५ सेंमी अंतर झालं तर कोन ३७. असेटोमध्ये उभाच कोन भरायचा असतो. सुरुवातीला सगळे म्हणतील वेग कमी वाटतोय, वाटू द्या.

मग फोर्स फीडबॅक, म्हणजे स्टिअरिंगमधली मोटर हाताला देते तो जोर. 'जोर जास्त म्हणजे खरेपणा जास्त' म्हणून गेन (या जोराचं प्रमाण) १०० वर ठेवतात, तिथंच गडबड होते. खऱ्या गाडीत कंबरेला आधी कळतं की टायर सुटतोय. सिममध्ये ते कळायला स्टिअरिंग आणि आवाज एवढंच आहे. पुढचे टायर घसरायला लागले की स्टिअरिंग हलकं पडतं. पण मोटर आधीच पूर्ण ताकदीवर असेल तर तो हलकेपणा हाताला लागणार कुठून? गेममधलंच पेडल ॲप उघडा, लांब वळणात फीडबॅकची पट्टी लाल होते का बघा. होत असेल तर गेन पाच-पाचनं उतरवा. लाल फक्त कर्बवर दिसली पाहिजे. इंजिनाचा आवाज थोडा कमी आणि टायरचा जास्त ठेवा.

जी२९ चा ब्रेक पाय किती खाली गेला ते मोजतो, जोर मोजत नाही. आत रबराचा ठोकळा आहे, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात चांगला दाब लागतो. पेडल गुळगुळीत फरशीवर नुसतं ठेवलं तर नेमक्या त्या दाबाला ते पुढं सरकतं, आणि चाकाची खुर्ची माणसाला घेऊन मागं जाते. पेडल फळीला स्क्रूनं पक्कं करा, फळीचं पुढचं टोक भिंतीला टेकवा, खुर्ची बिनचाकाची घ्या. एवढ्यानंच ब्रेकिंग सुधारेल.

वाई_०११
उलटं होतं का? सिमवरचा पोरगा खऱ्या गाडीत चालेल?

कराडचा_लॅप
ट्रॅकवर चालल्याचं उदाहरण आहे. यान मार्डेनबरो २०११ मध्ये ग्रान टुरिस्मो या रेसिंग गेमच्या जीटी अकॅडमी स्पर्धेतून निवडला गेला आणि २०१३ च्या ल मान्स २४ तासांच्या शर्यतीत त्याची गाडी एलएमपी२ या रेसगाड्यांच्या गटात तिसरी आली. पण मधे खऱ्या रेसगाडीतलं प्रशिक्षण आणि शर्यती होत्या. यवतेश्वरच्या घाटात मात्र सिमची लाइन (एका कडेवरून दुसऱ्या कडेला जायची वाट) अजिबात धरू नका. तिथं उजवी बाजू समोरून येणाऱ्याची आहे.

पोवईनाका, स्पर्धेचं असं करा. गाडी टोयोटा जीटी८६, स्ट्रीट टायर, एबीएस चालू. ट्रॅक मॅजिओने, जेमतेम अडीच किलोमीटरचा, त्यामुळे कमी वेळात जास्त लॅप होतात. मोन्झाचा ट्रॅक नको, तिथं लांब सरळ पट्ट्यानंतर कचकून ब्रेक, म्हणजे ड्रायव्हरच्या कच्च्या बाजूचीच परीक्षा. सगळ्यांना २० मिनिटं सराव, मग १० लॅप. एक बक्षीस सर्वांत जलद लॅपला, दुसरं दहाही लॅपच्या एकूण वेळेला. दुसऱ्यात ड्रायव्हर मंडळी पोरांना घाम फोडतील.

पोवईनाका_गेमिंग
फळी आजच कापून घेतो. क्लच लागेल का? शिफ्टर (वेगळा गिअरचा दांडा) घेतलेला नाही.

मिरज_पिटलेन
नको, गिअर स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांवरच (पॅडलवर) ठेवा. पुढं शिफ्टर घेतलात तर टेबलाच्या डाव्या बाजूला लावा. आपल्याकडं गिअरचा हात डावा, उजवीकडं लावलात तर ड्रायव्हर प्रत्येक गिअरला चाचपडेल.