गेम स्टोअरने क्रिप्टो घ्यावं का?

रात्रपाळी: माझ्याकडे कार्ड नाही आणि वॉलेटमध्ये थोडं बिटकॉइन पडून आहे, दरवेळी ते विका, पैसे बँकेत आणा, मग गेम घ्या, हा द्राविडी प्राणायाम कशाला? सरळ घ्यायला काय हरकत आहे?

पिक्सेलवेडा: अरे स्टीम या मोठ्या ऑनलाइन गेम स्टोअरने बिटकॉइन घेतलं होतं की! २०१६ला सुरू केलं, डिसेंबर २०१७ला बंद. तेव्हा एका व्यवहाराची फी २० डॉलरच्या आसपास गेली होती, म्हणजे कित्येक गेमपेक्षा फीच जास्त. त्यात पैसे कन्फर्म होईपर्यंत भाव पडला की कमी पडलेली रक्कम आणखी पाठवा, आणि त्याची पुन्हा फी!

सेव्हपॉइंट: रिफंडचं बोला ना. मी एका छोट्या स्टोअरवर क्रिप्टोने गेम घेतला, लोडिंग ९९ टक्क्यांवर अडकायचा तो अडकायचाच, पैसे मागितले तर स्टोअर क्रेडिट हातावर ठेवलं. कार्ड असतं तर बँकेत तक्रार तरी केली असती, इथे गेले ते गेले.

रात्रपाळी: आणि स्टेबलकॉइन? त्याचा भाव तर डॉलरला बांधलेला असतो.

पिक्सेलवेडा: हां, त्याने भावाची कटकट बरीच कमी होते, फीसुद्धा नेटवर्क बघून निवडता येते. पण सेव्हपॉइंट म्हणतोय ते रिफंडचं आधी लेखी द्या, मग घ्या खुशाल.