टेकडीला मागचा शॉक हवाच कशाला?

ढिली_चेन:
सहा वर्षं पुण्यातल्या वेताळ टेकडीवर हार्डटेल सायकल चालवतोय. म्हणजे पुढे १२० मिमी दबणारा शॉकवाला फोर्क, मागे शॉक नाही. ग्रुपमधल्या तिसऱ्या माणसाने परवा फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे शॉक) घेतली, तेव्हापासून रोज एकच प्रश्न, "तू कधी?" नाही घेणार. एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या बाजूने चढायचं, खाणीला वळसा घालून पाषाणकडे उतरायचं. खरा दगडधोंड्यांचा उतार त्यात कितीसा? आणि सकाळी फिरायला येणारे आजी-आजोबा वाटेत असतात, वेगाने उतरायचं नसतंच तिथे. त्या थोड्याशा उतारासाठी दीड-दोन लाख घालायचे आणि जास्तीचं वजन चढावर वाहायचं? त्याऐवजी चांगले ट्यूबलेस टायर, दमदार हायड्रॉलिक ब्रेक आणि ड्रॉपर (चालवताना खाली-वर करता येणारी सीट) बसवा. उरलेल्या पैशांत घरच्यांची दिवाळी होईल.

गुडघेदुखी:
वजनाचं रडगाणं जुनं झालं. २०१२ चं लंडन ऑलिंपिक आठवा. माउंटन बाइकच्या क्रॉस कंट्री शर्यतीत चेक सायकलपटू कुल्हावी फुल सस्पेन्शनवर, स्वित्झर्लंडचा शुर्टर हार्डटेलवर. कुल्हावी एका सेकंदाने जिंकला. २०१६ ला रिओत शुर्टरने सुवर्ण घेतलं तेव्हा त्याच्याही सायकलला मागे शॉक होता!

ढिली_चेन:
त्यांना पगारी मेकॅनिक असतो हो. माझा मेकॅनिक मीच, तोही रात्री जेवण झाल्यावर, बाल्कनीत.

गुडघेदुखी:
मुद्दा उताराचा नाहीच, चढाचा आहे. आपल्याकडे सुटा मुरूम आणि मधेच बेसॉल्टच्या पायऱ्या. हार्डटेलचं मागचं चाक दगडावर आपटून उडतं, पकड सुटते, पाय जमिनीवर. मागे शॉक असला की चाक जमिनीला धरून राहतं, बसल्या बसल्या पायडल मारत वर जाता येतं. फक्त शॉकमध्ये हवा आपल्या वजनाप्रमाणे भरायला हवी. सायकलवर बसल्यावर तो २५ ते ३० टक्के दबला पाहिजे. बहुतेक लोक दुकानातून आणली तशीच चालवतात आणि मग "डोलते, डोलते" म्हणून ओरडतात. डोलते तर लॉकआउट (शॉक दबू न देणारी कळ) लावा, त्याचसाठी दिलाय. बाकी माझं वय ४८, कंबर एकदा धरलेली. तुमची धरली की बोलू.

चिखलखाऊ:
पावसाळ्याचं कुणी बोलतच नाही. आपला काळा चिखल पिव्हटमध्ये, म्हणजे मागच्या फ्रेमच्या हलत्या सांध्यांत शिरला की दोन महिन्यांत बेअरिंग करकरायला लागतात. शॉकची एअर कॅन (हवा भरलेलं नळकांडं) साधारण ५० तासांनी उघडून सील-तेल बघायचं असतं. माझं सील गेलं, दुकानाने "आठवड्यात येईल" म्हणून पाच आठवडे टांगून ठेवलं. जून ते सप्टेंबर हार्डटेलच बरी. (खरं तर ओल्या पायवाटेवर सायकल नेऊच नये, चाकोऱ्या पडून माती वाहून जाते. पण तो वेगळा विषय.)

नवा_गडी:
मध्येच विचारतो, सॉरी. बजेट ३५ हजार. दुकानदार १५ हजारात "डबल शॉकअप" दाखवतोय. मग हार्डटेल कशाला घेऊ?

ढिली_चेन:
अजिबात नको!

गुडघेदुखी:
घेऊ नकोस रे बाबा. इथे मी ढिली चेन यांच्या बाजूने. त्या किमतीत मागे नुसती स्प्रिंग असते, तिला आवरणारं डॅम्पिंग नसतं. दबली की तेवढ्याच जोरात उसळी मारते. फ्रेम लोखंडी, चढावर जीव काढते. ३५ हजारात हार्डटेल घे, डिस्क ब्रेक हायड्रॉलिकच बघ.

ढिली_चेन:
चला, एक माणूस वळला.

गुडघेदुखी:
तो ३५ हजारवाला वळला, मी नाही. रविवारी साडेसहाला खाणीपाशी या, सायकली बदलून बघू.

ढिली_चेन:
येतो. शॉकचा पंप घेऊन या, मी ९२ किलोचा आहे.