मदत हवी आहे: नायिका म्हणते "मी जाडी आहे", पुढे नायकाने काय बोलावं?

मी एक प्रेमकथा लिहितेय, साधारण १२,००० शब्दांची, नायिका ३१ वर्षांची, जाड, आणि शेवटपर्यंत तशीच राहणार, वजन कमी करून सुखी होणं मला नकोच आहे. अडलंय एका प्रसंगात. दोघांचा सेल्फी काढलाय, ती दंडापासून क्रॉप करून मगच त्याला पाठवते, तो विचारतो अर्धा फोटो का कापला, आणि ती पहिल्यांदाच सरळ म्हणते, "मी जाडी आहे म्हणून."

इथे त्याचं उत्तर तीनदा लिहून खोडलं. "छे गं, कुठे जाडीयेस" लिहिलं तर तो तिला खोटं पाडतोय, "आहेस तशीच आवडतेस" फिल्मी वाटतं, आणि गप्प बसवला तर तिला तो नकारच वाटेल, कारण घरी आयुष्यभर "हेल्दी आहे हो आमची" हेच ऐकलंय तिने. आपल्याकडे हेल्दी म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं!

ऑलिव्हिया डेड यांची २०२० ची 'स्पॉयलर अलर्ट' ही इंग्रजी प्रेमकादंबरी वाचलीय, नायिका जाड आहे आणि तिचं तिला ठीक वाटतं, पण तिथला 'फॅट' हा साधा शब्द मराठीत आणला की शिवीच होते. लठ्ठ डॉक्टरी वाटतं, गुबगुबीत बाळाला म्हणतात.

दोघं सहा महिने एकत्र आहेत, तो कमी बोलणारा आहे, भाषण नकोय, दोन-तीन वाक्यंच हवीत. ज्यांनी हे स्वतः ऐकलंय किंवा लिहिलंय त्यांनी प्लीज सांगा, 'जाडी' हा तिचा शब्द त्याने परत उच्चारावा का, आणि उच्चारला तर पुढचं वाक्य काय असावं?