पन्हाळा एका दिवसात: किल्ल्याबरोबर गावही पाहायचे असेल तर काय पाहावे?

रंकाळाकाठ यांचा प्रश्न:

नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत माझा धाकटा भाऊ सहकुटुंब नागपूरहून कोल्हापूरला येणार आहे. त्याची मुलगी आठवीत आणि मुलगा पाचवीत आहे. मुलाने चौथीच्या पुस्तकातला शिवरायांचा इतिहास जवळजवळ तोंडपाठ केला असल्यामुळे पन्हाळा दाखवल्याशिवाय आमची सुटका नाही. बरोबर बहात्तर वर्षांची आई असेल. तिचे गुडघे दुखतात, पण मागे राहायला ती तयार होणार नाही.

अडचण अशी की, कोल्हापुरात जन्म काढूनही आम्हा घरच्यांचा पन्हाळा म्हणजे रविवारी संध्याकाळी गाडी काढायची, झुणका-भाकर आणि भाजलेले कणीस खायचे, तटावर उभे राहून फोटो काढायचे आणि अंधार पडायच्या आत वाघबीळ गाठायचे, एवढाच आहे. मागच्या वेळी एका वाटाड्याने सज्जा कोठीपाशी संभाजी महाराजांच्या कैदेची कथा इतक्या रंगवून सांगितली की त्यातले खरे किती, हा प्रश्न घरी आल्यावर पडला. मुलांना तसेच काही ऐकवायचे नाही. कोणती ठिकाणे कोणत्या क्रमाने पाहावीत, आईला कुठे चालावे लागणार नाही आणि शिवकाळाखेरीज या गावाचा इतिहास काय आहे, हे जाणकारांनी सांगावे.

जुना मास्तर यांचे उत्तर:

तुमच्या प्रश्नातला 'गाव' हा शब्द मला आवडला. पन्हाळा हे तालुक्याचे ठिकाण आहे आणि तिथली लोकवस्ती जेमतेम तीन हजारांच्या घरात आहे. तालुक्यातला मोठा बाजार कोडोलीला, साखर कारखाना वारणानगरला, पण सातबाऱ्याचे आणि कोर्टाचे काम निघाले की माणसाला गड चढावा लागतो. तहसील कचेरी किल्ल्यावर असणे ही सहज घडलेली गोष्ट वाटते, पण तिच्यामागे इतिहास आहे, म्हणून पाहण्याची सुरुवात तिथूनच करा, असे मी सुचवेन.

त्याचे कारण सांगतो. गडावर शिरताना बाजीप्रभूंच्या पुतळ्याअलीकडे चार दरवाजाचे मोडके अवशेष दिसतात. हा दरवाजा काळाने पाडलेला नाही. १८४४ मध्ये कोल्हापूर संस्थानाच्या कारभारात इंग्रजांनी नवी घडी बसवली. तिच्यात गडकऱ्यांच्या, म्हणजे पिढ्यान् पिढ्या किल्ले राखणाऱ्या शिबंदीच्या, जमिनींचा कारभार त्यांच्याकडून काढून मामलेदारांकडे देण्यात आला. त्यावर गडहिंग्लजजवळच्या सामानगडावर गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले आणि बंड पसरले. त्यात कर्नल ओव्हान्स हा इंग्रज अधिकारी त्यांच्या हाती लागला व त्याला पन्हाळ्यावर कैदेत ठेवले गेले. १८४४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी तोफा लावून पन्हाळा घेतला आणि पुढे तटबंदीची मोडतोड केली. ज्या मामलेदाराविरुद्ध गडकरी उठले, त्याचीच कचेरी आज गडावर आहे. तुमच्या आठवीतल्या पुतणीला ही गोष्ट नक्की पटेल, कारण तिच्या पुस्तकात १८५७ असेल, पण त्याच्या तेरा वर्षे आधीचे घरचे बंड बहुधा नसेल.

क्रम उन्हाप्रमाणे ठरवा. सज्जा कोठी पूर्वेच्या कड्यावर आहे, ती सकाळी पाहा. अंबरखाना दुपारी पाहा, कारण आत गारवा असतो. तीन दरवाजा आणि अंधारबाव पश्चिमेला आहेत, तिकडे ऊन कलल्यावर जा आणि शेवटी पुसाटी बुरुजावर सूर्यास्त पाहा. या सर्व ठिकाणी वाहन जवळपर्यंत जाते.

अंबरखान्यात घाई करू नका. गंगा, यमुना आणि सरस्वती अशा तीन कोठ्यांपैकी गंगा सर्वांत मोठी असून तिच्यात पंचवीस हजार खंडी धान्य मावत असे. भात, नागली आणि वरी ही या मुलखातली धान्ये तिथे साठवली जात. आत उभे राहून वर पाहिले की प्रत्येक खणाच्या घुमटीत एक भोक दिसते. बाहेरच्या पायऱ्यांनी पोती छतावर न्यायची आणि या भोकांतून धान्य खाली ओतायचे, अशी रीत होती. दुपारी त्या भोकांतून उन्हाचा एकेक खांब जमिनीवर उतरतो आणि त्यात धूळ तरंगताना दिसते. पाचवीतल्या मुलाला तिथेच विचारा की, शत्रूने चार महिने वेढा घातला तर गडावरची माणसे काय खात असतील? वेढ्याचा सारा धडा त्या एका प्रश्नात आहे. तुमच्या आईंनी छतावर न चढता आतच बसावे.

पायवाट यांचे उत्तर:

मास्तरांचा क्रम उत्तम आहे. सज्जा कोठीबद्दल मात्र थोडे स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते, कारण मूळ प्रश्न तोच आहे.

मोगल सरदार दिलेरखानाच्या गोटातून संभाजीराजे १६७९ च्या अखेरीस परत आले, १६८० च्या जानेवारीत पिता-पुत्रांची भेट पन्हाळ्यावर झाली आणि ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर महाराजांचे निधन झाले तेव्हा संभाजीराजे पन्हाळ्यावरच होते, इतके इतिहासाला धरून आहे. त्यांच्या हालचालींवर नजर होती, असेही म्हणता येते. परंतु ते नेमके याच कोठीत, अमुक खिडकीशी, साखळदंडात होते, असे कोणी सांगू लागले की ते कीर्तन समजावे. ही वास्तू मुळात आदिलशाहीतली, दरीकडे तोंड करून हवेसाठी आणि टेहळणीसाठी बांधलेली आहे. तिच्या सज्जातून पूर्वेचा मुलूख जसा उलगडतो, तो पाहिला तर हे कैदखान्याचे बांधकाम नव्हे, हे मुलांनाही कळेल. वाटाड्यांचा मला राग नाही. ऐकणाऱ्याला साखळदंड हवे असतात म्हणून ते साखळदंड देतात.

वेढ्याची हकिगत सांगताना तारखा नीट सांगाव्यात. अफझलखानाच्या वधानंतर अठरा दिवसांनी, २८ नोव्हेंबर १६५९ रोजी, पन्हाळा प्रथम स्वराज्यात आला. १६६० च्या मार्चपासून सिद्दी जौहरचा वेढा पडला आणि राजापूरच्या इंग्रजांनी तोफा आणून त्याला साथ दिली. त्याचा हिशेब महाराजांनी पुढच्याच वर्षी राजापूरच्या वखारीवर चुकता केला. १२ जुलै १६६० च्या पावसाळी रात्री महाराज राजदिंडी या छोट्या दरवाजाने उतरले असे मानतात. तिथून मसाईचे पठार ओलांडून विशाळगडाची वाट धरली. पालखीत बसून शत्रूला चकवणारे शिवा काशीद पायथ्याच्या नेबापूरचे, त्यांची समाधीही तिथे आहे. बाजीप्रभूंच्या पुतळ्याशी सगळे थांबतात, नेबापूरला थांबणारी गाडी क्वचितच दिसते. वाटेत दहा मिनिटे काढाच.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते. महाराज निसटले, पण गड त्यानंतर आदिलशहाकडे गेला. तो परत मिळायला मार्च १६७३ उजाडला. कोंडाजी फर्जंद यांनी साठ माणसे घेऊन रात्री कडा चढून तो घेतला. त्यानंतर महाराजांनी आणि मावळ्यांनी सोमेश्वराला लक्ष चाफ्याची फुले वाहिल्याचे वर्णन जयराम पिंड्ये या समकालीन कवीने केले आहे. सोमेश्वर तलावाशी सपाट जागा आणि सावली आहे, तेव्हा तुमच्या आईंना बसायला अंबरखान्यापेक्षा ते ठिकाण अधिक बरे पडेल.

गडावरची यांचे उत्तर:

मी पन्हाळ्यावर राहते, म्हणून दोन गोष्टी लिहिते. वर सगळा भर लढायांवर आहे. पन्हाळा राजधानी होता, हे कोणी लिहिलेच नाही. ताराराणींनी कोल्हापूरच्या गादीचा कारभार इथून पाहिला, १७१४ मध्ये त्यांना याच गडावर कैदेत पडावे लागले, आणि १७८२ च्या सुमारास राजधानी खाली कोल्हापूरला गेली. म्हणजे ज्या शहरातून तुम्ही 'सहलीला' वर येता, त्याच्या आधी राज्य इथून चालत होते. ताराराणींच्या वाड्याच्या वास्तूत पुढे शाळा भरू लागली. इथल्या मुलांना ही कौतुकाची गोष्ट वाटत नाही, कारण शाळा म्हणजे शाळा.

तुमची पुतणी मराठीत रमणारी असेल तर तिला मोरोपंतांचे नाव सांगा. पंतकवी १७२९ मध्ये इथेच जन्मले, केशव आणि गणेश पाध्ये या बंधूंकडे इथेच शिकले आणि मग बारामतीला गेले. त्यांच्या नावाचे ग्रंथालय गडावर आहे. पर्यटक त्यासमोर गाडी उभी करतात आणि आत न डोकावता चहाला जातात.

आता व्यवहाराचे. रविवार टाळा. दिवाळीच्या सुट्टीत तर गाड्यांची रांग लागते आणि आम्हाला दूध आणायला जाणेही अवघड होते. शक्यतो मंगळवार-बुधवार निवडा, म्हणजे कचेरीत कामाला आलेली तालुक्यातली माणसे, कागदांच्या पिशव्या आणि चहाच्या टपरीवरची वाटणीची चर्चा, असे खरे गाव दिसेल. जेवणासाठी चुलीवर भाकरी करणाऱ्या बायकांकडे बसा. भाकरी तव्यावरून काढून विस्तवाशी उभी केली की ती टम्म फुगते, मगच पानात घ्या. आधी थापून ठेवलेली असेल तर पुढच्या चुलीकडे जावे. झुणका, खर्डा आणि मडक्यातले दही एवढे पुरे आहे.

एक विनंतीही आहे. ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून पन्हाळा जागतिक वारसा यादीत आला, याचा आम्हाला अभिमान आहे. त्याच वेळी घर दुरुस्त करताना उद्या कोणती परवानगी मागतील, अशी धास्तीही इथल्या घराघरांत आहे. २०२१ च्या जुलैमध्ये पावसाने मुख्य रस्ता खचला तेव्हा गडावर येण्याची वाट बंद झाली होती. एकच रस्ता असणे म्हणजे काय, ते त्या दिवसांत आम्हाला कळले. तेव्हा अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवरून कोणी 'किल्ल्याची शोभा जाते' असे म्हणाले, तर मुलांना सांगा की गडावर माणसे आधीपासून राहत आली आहेत.

रंकाळाकाठ यांचे उत्तर:

सर्वांचे मनापासून आभार. बुधवार ठरवला आहे. सकाळी नेबापूर, मग सज्जा कोठी, दुपारी चुलीवरची भाकरी आणि अंबरखाना, नंतर आईसाठी सोमेश्वर, शेवटी तीन दरवाजा आणि पुसाटी बुरूज. फक्त अंधारबावीबद्दल शंका आहे: मुलांना आत सोडावे का?

जुना मास्तर यांचे उत्तर:

मोठ्या माणसाचा हात धरून सोडावे. ती तीन मजली विहीर आहे. तळाशी पाणी, वर पहाऱ्याची जागा आणि मधल्या मजल्यावरून तटाबाहेर उघडणारी चोरवाट. वेढ्यात पाणी शत्रूच्या हाती लागू नये म्हणून विहिरीलाच इमारतीत झाकले आहे. पायऱ्या झिजलेल्या आणि ओलसर असतात, तेव्हा चपला घसरणाऱ्या नसाव्यात. बॅटरी न्या, पण खाली उतरल्यावर ती मिनिटभर बंद ठेवायला सांगा. डोळे सरावले की झरोक्यातून येणाऱ्या उजेडात दगडांचे सांधे आपोआप दिसू लागतात. शेजारच्या तीन दरवाजावर फारसी लेख कोरलेला आहे, तो दाखवायला विसरू नका. आईंना तोवर दरवाजाच्या आतल्या ओट्यावर बसवा, तिथे पश्चिमेचा वारा चांगला लागतो.