निसर्गाच्या वहीत नक्की काय लिहायचं?

वाटसरू: मोठ्या हौसेने वही सुरू केली. आता पान उघडलं की तेच ते: 'खार दिसली. दयाळ गात होता. छान वाटलं.' हवामानबदलावर लिहायला बसलो की अग्रलेख होतो. तुम्ही काय टिपता? चित्रकलेच्या नावाने शून्य आहे, तेही सांगून ठेवतो.

पानगळ: चित्र नको, तारीख आणि वेळ हवी. 'छान वाटलं' राहू द्या, पण शेवटी. एकच झाड धरा. माझा बहावा आहे. नुसतं 'फुलला' लिहून भागत नाही. पहिलं फूल की पूर्ण बहर? घोस लोंबत असतो, त्यात देठाजवळच्या, म्हणजे वरच्या कळ्या आधी उमलतात. खाली शेंड्याला तेव्हाही हिरवे मणीच. म्हणून 'वरची थोडी उघडली, शेंडा बंद' असं लिहिते. आणि काही नसेल त्या दिवशी 'अजून नाही' लिहायचंच. लोक हेच टाळतात! कालचं 'नाही' नसेल तर आजचं फूल पहिलं कशावरून?

इंग्लंडात रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ पासून पहिलं पान, पहिला भिंगरी पक्षी, बेडकांची ओरड अशा नोंदी ठेवल्या. घराण्याने त्या १९५८ पर्यंत चालवल्या. अग्रलेख एकही नाही, तरी आज अभ्यासकांना त्या उपयोगी पडतात.

उंबरठा: ताई, मग यंदा बहावा लवकर फुलला की हवामान बदललं म्हणायचं?

पानगळ: छे! एका वर्षाने काही ठरत नाही. पाऊस कमी झाला असेल, कुणी बुंध्याशी पाणी सोडलं असेल. तेही लिहा. जपानमधल्या क्योतोत चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासून आहेत, म्हणून तर २०२१ चा २६ मार्चचा बहर तोवरचा सर्वांत लवकरचा हे कळलं.

आणि फूल एकटं नसतं. नेदरलँड्समध्ये वसंत उबदार होत गेला तशा अळ्या लवकर येऊ लागल्या. ग्रेट टिट पक्ष्यांची अंडी घालायची वेळ तितकी अलीकडे सरकली नाही. पिल्लं भुकेची, आणि अळ्यांचा भर ओसरलेला. तेव्हा वाटसरू, झाडाखाली अळ्या-मुंग्याही बघत जा.

वाटसरू: समोरच्या झाडावर बुलबुल काड्या नेतोय. फोटो इथे टाकू?

पानगळ: घरट्याचा नको. जागा वहीतच राहू द्या, जवळही जाऊ नका. काड्या कुठून उचलतो ते लांबून बघून लिहा.