कंपवात आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)
माझ्या सासऱ्यांना, वय ७१, काही वर्षांपासून कंपवात (पार्किन्सन्स) आहे आणि लेव्होडोपाच्या गोळ्या नियमित चालू आहेत. नुकत्याच झालेल्या रक्ततपासणीत ड जीवनसत्त्वाची पातळी ११ नॅनोग्रॅम निघाली. डॉक्टरांनी ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, असे आठ आठवडे घ्यायला सांगितले आहे. आता एका नातेवाइकांचे म्हणणे असे की हा आजार याच कमतरतेमुळे झाला असून ती भरून निघाली की कंप थांबेल, तेव्हा मेंदूच्या गोळ्या हळूहळू कमी कराव्यात. सासरे रोज सकाळी सात वाजता गॅलरीतल्या बंद काचेच्या खिडकीशी उन्हात बसतात, तरी पातळी इतकी कमी कशी?

उत्तर (निवृत्त औषधनिर्माता, कराड)
ताई, लेव्होडोपाची एकही गोळी मेंदूविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय कमी करू नका. हे औषध एकदम तुटले तर अंग लाकडासारखे ताठरते, तीव्र ताप येतो, शुद्ध हरपते आणि ते जिवावर बेतू शकते. या आजारात मेंदूतल्या डोपामाइन (हालचालींवर ताबा ठेवणारे रसायन) तयार करणाऱ्या पेशी झिजत जातात. त्यांची जागा ड जीवनसत्त्व घेत नाही. कंपवाताच्या रुग्णांमध्ये ही पातळी अनेकदा कमी आढळते हे खरे, पण हालचाल मंदावल्यामुळे ज्याचे घराबाहेर पडणेच कमी झाले आहे त्याची पातळी कमीच असणार, त्यामुळे कमतरतेलाच आजाराचे कारण ठरवता येत नाही.

उन्हाविषयी सांगायचे तर, त्वचेत हे जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील ब किरण सकाळी सातला फारच थोडे पोहोचतात आणि खिडकीची काच उरलेलेही अडवते. शिवाय उतारवयात त्वचेची ही क्षमता घटते. तरीही सांगलीच्या एप्रिल-मेच्या दुपारी त्यांना बाहेर बसवण्यापेक्षा पुडीवर भरवसा ठेवावा असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर (आईची शुश्रूषा करणारी, सातारा)
पुडीने कंप थांबणार नसला तरी ती टाळू नका, कारण तिचा उपयोग हाडांसाठी आहे. कंपवातात तोल जातो, उठून उभे राहताना रक्तदाब घसरतो आणि माणूस पडतो. अशा वेळी हाडे ठिसूळ असतील तर खुब्याचे हाड मोडते, आणि त्यानंतर पुन्हा चालते होणे या रुग्णांना फार कठीण जाते. न्हाणीघरात धरायला दांडी आणि रात्री दिवा, ही सोय पुडीइतकीच आवश्यक समजा.

पुडी घेतली की दिनदर्शिकेवर खूण करावी. आठवड्याची पुडी चुकून रोज दिली गेली तर रक्तातले कॅल्शियम वाढते, आणि मग होणारी बद्धकोष्ठता, तहान, वारंवार लघवी व गोंधळलेपण हे सगळे आजारच बळावल्यासारखे दिसते. मुतखड्याचा त्रास पूर्वी झाला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. गोळ्या आहेत तशाच चालू ठेवतो. पुडी दुधातून द्यायला सांगितली आहे, ती गोळीबरोबरच दिली तर चालेल का?

उत्तर (निवृत्त औषधनिर्माता, कराड)
दोन्ही एकत्र देऊ नका. हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थांबरोबर चांगले शोषले जाते म्हणून दूध योग्यच आहे, पण दुधातली प्रथिने लेव्होडोपाच्या शोषणात अडथळा आणतात. गोळी जेवणाआधी साधारण अर्धा तास पाण्याबरोबर आणि पुडी जेवणानंतर दुधातून द्यावी. आठ पुड्या संपल्यावर पुढचा डोस मनाने चालू ठेवू नका. पातळी आणि कॅल्शियम पुन्हा केव्हा तपासायचे ते डॉक्टरांना आताच विचारून ठेवा.